नादकाट्याची खोटी साक्ष

सगळ्यात आधी मी माझ्याच पेटीत खुळखुळलो. बाकी काही झालं नव्हतं. आवाज तरी केवढा, नखानं टिचकी मारावी एवढा. पण ज्या मखमली खाचेत मी चाळीस वर्षं अंगाला अंग लावून झोपलो, ती त्या दिवशी मला सैल झाली. मी दचकलो. मग स्वतःची समजूत घातली, की मखमल जुनी झाली असेल. माणसंही असंच करतात. अंगरखा तंग झाला की धोब्याला दोष द्यायचा.

मी नादकाटा. पोलादाचे दोन दांडे, खाली एक मूठ, संपलो. मला गुडघ्यावर आपटलं की मी एक सूर देतो. एकच, जन्मभर तोच. स्वभावानं मी भित्रा आहे. धक्का लागला की थरथरायचं, हाच माझा धंदा. पण माझी थरथर खरी असते, म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. ठेवायचे.

ज्या कारागिरानं मला घडवलं तो घासता घासता एकटाच पुटपुटायचा. "टोक घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो. हळू, बाबा, हळू. घासलेलं पोलाद परत चिकटत नाही." केसभर घासायचा, कानाशी धरायचा, मान हलवायचा. आठवडाभर त्यानं मला असं छळलं. मग माझ्याच मापाची खाच असलेली पेटी केली आणि मला एका संगीतिका मंडळीच्या हवाली केलं.

संगीतिका म्हणजे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गायलेलं नाटक. भांडण गाऊन, लग्न गाऊन, आणि मरतानासुद्धा माणूस पाच पाच मिनिटं गातच बसतो. आमची मंडळी लहान. एक पियानो, सात-आठ व्हायोलिनं, एक क्लॅरिनेट, गायकांचा ताफा. पण आमची एक रीत मोठ्या मंडळींनाही लाजवेल अशी होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळे उभे राहायचे. मास्तर, म्हणजे आमचे संगीत दिग्दर्शक, मला गुडघ्यावर आपटून पियानोच्या लाकडावर टेकवायचे. माझा सूर लाकडातून घुमायचा. पियानोची तार स्वतः मास्तर माझ्याशी जुळवायचे, व्हायोलिनं पियानोशी जुळायची आणि त्यावर गळे लागायचे. मास्तरांचा एकच मंत्र होता, "काटा म्हणेल तो सूर." मोबाइलवरच्या सूरमापकाचं नाव कुणी काढलं तर ते असं बघायचे, जणू कुणी देवघरात चप्पल घालून आलंय.

गेल्या हंगामाच्या आधी मंडळीत एक मुलगी कामाला लागली. पत्रं लिहायची, टिपणं ठेवायची, कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या. कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेऊन आलेली, पण दार वाजलं तरी उडायची. ताफ्यातल्यांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, दचकी. तिच्या मागे जाऊन ताट पाडायचं आणि खो खो हसायचं, हा त्यांचा जेवणानंतरचा उद्योग. हसायच्या नाहीत त्या फक्त बाई.

बाई म्हणजे आमच्या मुख्य गायिका. वीस हंगाम गायलेल्या. त्यांचा गरम पाण्याचा थर्मास दचकीच्या हाती असायचा. एकदा त्या म्हणाल्या, "हसू दे त्यांना. दचकणारी माणसं चांगलं ऐकतात. तू ऐकत राहा."

हंगामाच्या पहिल्या दिवसाच्या तयारीसाठी दचकीनं मला बाहेर काढलं. माझ्या दोन्ही टोकांना गंज चढला होता. तिला वाटलं, आपण नवीन, काहीतरी चांगलं करून दाखवावं. फडक्यानं पुसलं, गंज हटेना. मग रंगमंचाच्या सुताराच्या बाकावरची कानस तिनं उचलली.

"काय घासतेस गं?" सुतारानं विचारलं.

"काही नाही, जरा चकाकी आणते."

तिनं मला घासलं. मन लावून, दोन्ही टोकं सारखी, अगदी पट्टीनं मापून. मी ओरडलो नाही, कारण आपटल्याशिवाय मला वाचा नाही. पण हेही खरं, की चकचकीत झालो तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हाताऱ्याला कुणी केस काळे करून द्यावेत तसं. ते आता आठवलं की कुठे तोंड लपवावं कळत नाही.

मग तिनं मला पेटीत ठेवलं, आणि मी खुळखुळलो.

दुसऱ्या दिवशी सगळे उभे राहिले. मास्तरांनी मला आपटून पियानोवर टेकवलं आणि पियानोचा तोच सूर वाजवला. दोन्ही सूर एकमेकांत मिसळेनात. मधे लाटा उठल्या, जवळजवळच्या दोन आवाजांत उठतात तशा, हेलकावे खाणाऱ्या.

"दमट हवेनं पियानो उतरलाय," मास्तर म्हणाले. त्यांनी किल्ली घेतली आणि तारा ताणायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत दोन तुटल्या. प्रत्येक तार माझ्या खोट्या सुरापर्यंत वर चढत होती, आणि मी सगळ्यांच्या मधे उभा राहून छाती काढून घुमत होतो.

पहिली तक्रार क्लॅरिनेटवाल्या काकांची. "मास्तर, माझं वाद्य खाली पडतंय हो. सांधे पार आत ठोकले तरी पोचत नाही."

"काका, वाद्य नाही, तुमचे दात पडतायत," व्हायोलिनवाला म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले आणि ओठ आवळून वाजवू लागले.

हंगामात आमचे तीन खेळ होते. पहिल्यात बाईंचा सगळ्यात वरचा सूर थरथरला. लोकांनी टाळ्या दिल्या, पण सांभाळून दिल्या. दुसऱ्यात तो सूर फाटला. तिसऱ्याच्या तालमीत बाई मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, सगळं वर चढलंय असं वाटतं. जरा तपासता का?"

मास्तर वाईट माणूस नाहीत, पण वीस वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाला 'तुमचा आवाज गेला' असं तोंडानं सांगायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. त्यांनी ते काम माझ्यावर टाकलं. मला उचललं, गुडघ्यावर आपटलं, पियानोवर टेकवलं आणि पियानो वाजवला. आम्ही दोघं तंतोतंत जुळलो. का नाही जुळणार? मीच तर त्याला वर चढवला होता. कुंपणानं शेत खाल्लं होतं आणि पंचनाम्यालाही कुंपणच उभं होतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"काटा खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मग मीच खोटी झाले असेन."

शाल उचलली आणि त्या गेल्या. दचकी थर्मास घेऊन दारापर्यंत धावली. "बाई, पाणी तरी..." बाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि पायऱ्या उतरल्या. तिसरा खेळ दुसरीच कुणी गायली. बाईंनी मंडळीतल्या कुणाचाही फोन घेणं बंद केलं. काका त्यांच्या घरी जाऊन आले आणि सांगू लागले, "गुणगुणतसुद्धा नाहीत हो. पियानोवर चादर टाकलीये."

हंगाम संपला. दर वर्षी मंडळी सभा भरवते, गेल्या हंगामाचा आढावा वाचते आणि पुढच्या हंगामाचे गायक ठरवते. आढावा लिहायचं काम दचकीचं. सभेच्या दिवशी दुपारी ती कचेरीत बसून मास्तरांनी सांगितलेलं वाक्य स्वच्छ अक्षरात उतरवत होती. 'मुख्य गायिकेचा आवाज वयोमानानं उतरल्यामुळे मंडळी त्यांना सन्मानानं निरोप देत आहे.' ते वाचून दाखवलं की बाईंची जागा कायमची जाणार होती.

सभेत मला टेबलावर ठेवतात, म्हणून तिनं माझी पेटी उचलली. मी खुळखुळलो.

ती दचकली. नेहमीची सवय म्हणून नव्हे, काहीतरी ऐकू आलं म्हणून. झाकण उघडून तिनं पाहिलं. माझ्या टोकांपुढे मखमलीत फट होती. बोटाच्या नखाच्या जाडीची. तिनं त्या फटीत नख घालून पाहिलं. मग हलकेच म्हणाली, "लांबी कमी, कंपनं जास्त." कॉलेजच्या प्रयोगवहीत हे वाक्य तिनं मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून काढलं होतं. पास होण्यापुरतं. आज ते स्वतःहून आठवलं.

पुढचं सांगताना मला तिच्यापेक्षा माझी जास्त लाज वाटते. तिनं औषधाच्या डब्यातून कापूस काढला, त्याची वात वळली आणि त्या फटीत दाबून भरली. पेटी हलवून पाहिली. आवाज नाही. तिनं श्वास सोडला, आणि मीही सोडला. कापसात फार ऊब होती. कुणाला कधीच कळलं नसतं.

ती पुन्हा आढावा लिहायला बसली. 'वयोमानानं' या शब्दावर तिचं पेन अडलं. उचललं, टेकवलं, परत उचललं. आणि मग तिनं झटक्यात पेटी उघडली, कापूस उपटून टाकला आणि मला घेऊन तालीमघरात धावली.

काका क्लॅरिनेट पुसत बसले होते.

"काका, एक सूर वाजवा. सांधे आत न ठोकता. पूर्वी वाजवायचात तसा."

"काय झालं गं? भूत पाहिल्यासारखी..."

"वाजवा ना!"

ती कुणावर ओरडल्याचं मी प्रथमच ऐकलं. काकांनी वाजवला. तिनं मला गुडघ्यावर आपटलं. त्या लाटा पुन्हा उठल्या.

काकांनी क्लॅरिनेट खाली घेतली. "म्हणजे हंगामभर माझे दात ठीक होते?" ते हसू लागले आणि अर्ध्यातच थांबले. "अगं... आणि बाई?"

"मी घासला काका. कानशीनं. मी." तिनं माझी टोकं त्यांच्यापुढे धरली. "चोर सोडून आपण बाईंना फाशी दिली."

"मास्तरांना सांग. सभेला अजून तास आहे."

"सांगते. सगळ्यांसमोर सांगते. पण आधी बाईंना. त्यांना हे सभेतून कळायला नको."

तिनं फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. तिनं पुन्हा लावला. बाई उचलणार नव्हत्या, आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. खाली खुर्च्या मांडल्याचा आवाज येऊ लागला. कुणीतरी हाक मारली, "दचके, आढावा आण!" या वेळी ती दचकली नाही.

मी तिच्या डाव्या मुठीत होतो. तिचा हात थरथरत होता आणि मी तिच्या हातात. आम्हा दोघांत कोण जास्त थरथरत होतं, सांगता येणार नाही. माझं काय, बुडाशी थोडं घासलं की मी पुन्हा खाली येईन, कारागिरानंच सांगून ठेवलंय. पण बाईंचा हंगाम कुठून घासून आणायचा? तेव्हा मला खरं ठरवणाऱ्यांनो, हात जोडायला मला हात नाहीत, तरी विनवतो. एखादं माणूस म्हणालं, की मला वर चढल्यासारखं वाटतंय, तर माझ्याकडे वळण्याआधी एकदा त्याच्याकडे वळा. आणि माझी पेटी खुळखुळली तर मखमलीला दोष देऊ नका.

तिनं तिसऱ्यांदा फोन लावला. वाजला. जिन्यावर मास्तरांची पावलं चढू लागली. वाजला. काकांनी डोळे मिटले. वाजला.

आणि पलीकडून, बरेच दिवस न वापरलेल्या, पण कुठेही न फाटलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "बोल गं, दचके. ऐकतेय."