पाठीमागे उघडलेली खिडकी

सुभद्राबाई खुर्चीवर बसल्या की काँप्युटर अडतो, ही बातमी सुरतेतल्या भेस्तानच्या त्या कापड कारखान्यातून बाहेरच्या चहाच्या लारीपर्यंत पोचली होती. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणे बाईंचा हात जड आहे, कुणी म्हणे बाईंना अक्षरं लागत नाहीत. शेठ मात्र बोलण्याच्या पुढे गेला होता. उद्यापासून बाईंनी पुन्हा दोरे कापायच्या टेबलापाशी उभं राहायचं, असं त्याने सांगून टाकलं. आता, सुभद्राबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दिवसभर उभं राहायचं म्हणजे त्यांनी काम सोडल्यातच जमा, आणि हे शेठलाही चांगलं ठाऊक होतं.

त्याच दिवशी दुपारी उज्ज्वला ती तक्रार बघायला तिथे आली. कारखान्यातला प्रोग्राम तिनेच लिहिलेला. पोरगी सुरतेतल्याच लिंबायतची, बापाने जन्मभर मागावर काम केलेलं, त्यामुळे यंत्रांच्या खडखडाटात तिला काही नवल वाटलं नाही. ती सरळ फोल्डिंग खात्यात गेली. विणून आलेला कापडाचा ताका इथे उजेडाच्या काचेवरून सरकतो. बसलेलं माणूस डाग नि तुटके धागे बघतं, दिसला डाग की बटण दाबतं. ताका संपला की प्रिंटरमधून चिठ्ठी येते, पास नाहीतर नापास. दिसायला एवढंसं काम, पण बाजारात शेठची पत याच चिठ्ठीवर चालायची.

"कोणता गावनी शेस वं पोर?" मागच्या खेपेला राहून गेलेलं सुभद्राबाईंनी आधी अहिराणीत विचारून घेतलं.

"पारोळाजोडेनी, मावशी."

"मंग आपलीच शे." बाईंनी पदराने खुर्ची उगाच पुसली. "दख माय, मी काहीच करत नही. तूच शिकाडं व्हतं ना माले? स्क्रीनवर काही इचारं तवयच हात लावा, तोपर्यंत हात मांडीवर. मी तसंच करस. तरी बी हाऊ काँप्युटर रुसी बसस."

उज्ज्वलाला आठवलं. शिकवायला आली तेव्हा तिनेच हे बजावलं होतं, आणि इतकं मनावर घेणारं माणूस तिला अख्ख्या सुरतेत दुसरं भेटलं नव्हतं.

ताका सरकू लागला. बाईंची नजर म्हणजे घारीची. इथे तेलाचा डाग, तिथे तुटका धागा, प्रत्येक डागाला बटण, आणि ओळखायला कडेला खडूची फुली. ताका संपला आणि स्क्रीन थिजला. आकडे हलेनात, माऊस फिरे पण बटण दबेना. बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि उज्ज्वलाकडे असं पाहिलं, जणू चोरी करताना सापडल्या.

"मी काही करं का? सांग."

"नाही मावशी. काहीच नाही केलं."

तेवढ्यात पाळी बदलायची वेळ झाली आणि वाल्मिक आला. तो दुसऱ्या पाळीचा, आधी मागावर होता. माग थांबला की हँडल मारायचं, ही त्याच्या हाताची सवय. त्याने उभ्या उभ्याच एन्टरवर एक दणका दिला. झालं! काँप्युटर सुरू, प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर.

"बघा ताई, माझ्या हाताने चालतो. माझ्या पाळीत एकदा पण बंद नाही पडला," वाल्मिक हसत म्हणाला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण दारात शेठ उभा होता.

"जोयुं ने, बेन?" शेठ उज्ज्वलाला गुजरातीत म्हणाला. "मशीन बराबर छे. बाई बराबर नथी." आणि निघून गेला.

सुभद्राबाई उठल्या. टेबलाखालची डब्याची पिशवी काढली, पाण्याची बाटली काढली, खुर्चीवरची घडी घातलेली गोधडीही उचलली. उज्ज्वला प्रिंटरकडे वळली. काहीतरी हाताशी असावं म्हणून तिने ती चिठ्ठी उचलली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पास.

पास? त्या ताक्यावर तर खडूच्या फुल्यांची रांग लागली होती! इतके डाग असले तर प्रोग्रामने आधी विचारायला हवं, "डाग जास्त आहेत, तरी पास करायचा का?" तो प्रश्न तिनेच लिहिला होता. मग प्रश्न विचारला कुठे? आणि त्याला हो म्हणालं कोण?

तिने प्रोग्रामचा स्क्रीनभर पसरलेला मुख्य पडदा बाजूला सरकेल असं केलं, तोच ताका पुन्हा फिरवायला लावला, आणि शेवटी पडदा हटवून पाहिलं. होती तिथेच! मागे, गुपचूप, प्रश्नाची खिडकी उघडी होती.

झालं होतं ते असं. पाळीत पोरं मॅच बघतात म्हणून शेठच्या सांगण्यावरून तिने मुख्य पडदा सगळ्यांच्या वर चिकटवून टाकला होता. दुसरीकडे होता डागांचा हिशेब करणारा मागचा कोड, ज्याला तिच्या धंद्यात बॅकएंड म्हणतात. त्याने मुकाट हिशेब करावा आणि पुढच्या पडद्याला कळवावं. माणसाशी बोलायचं काम पुढच्याचं. पण घाईघाईत तिने त्या मागच्यालाच थेट खिडकी उघडायला लावलं. खिडकीही मोडल, म्हणजे उत्तर मिळेपर्यंत सगळं अडवून धरणारी. ती कुठल्या पडद्याला बांधलेलीच नव्हती, म्हणून उघडली ती पाठीमागे. आणि "हो" आधीच निवडलेलं, एन्टर मारला की हो.

म्हणजे वाल्मिक न वाचता हो म्हणत होता आणि डागी माल बाजारात चालला होता. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय! आणि जी बाई सांगितल्यासारखी हात आवरून बसली, तिच्याच माथी खापर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

दुरुस्ती अवघड नव्हती. मागचा कोड आता फक्त कळवणार, खिडकी पुढचा पडदा उघडणार, आपल्या अंगावर, समोर. आणि आधीपासून निवडलेलं राहील ते "नाही". ते करून तिने ऑफिसात राकेशभाईंना फोन लावला. प्रोग्राम बनवणारी कंपनी त्यांची.

"अपडेट टाकलंस ना? बस. काही बोलू नकोस," राकेशभाई म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. डागी माल आपल्यामुळे गेला हे कळलं तर शेठ आपल्याला दारात उभं करेल का?"

"पण सर, ती बाई..."

"बाईला दुसरं काम मिळेल. तू बोललीस तर मग तुझं तू बघ. मी मध्ये पडणार नाही." फोन बंद.

उज्ज्वलाने फोन पर्समध्ये टाकला. घरात तिच्याच पगारावर चूल पेटत होती. गप्प राहिलं तर कुणाचं काही अडणार नव्हतं. प्रोग्राम उद्यापासून नीट चालला असता, आणि लोक म्हणाले असते, बघा, बाई गेली नि काँप्युटर सुधारला. हे शेवटचं मनात आलं आणि ती ताडकन उठली.

शेठच्या केबिनमध्ये तिने सगळं सांगितलं. चिठ्ठी आणि तो फुल्यांचा ताका पुढे ठेवला. "बाईंची चूक नाही, वाल्मिकचीही नाही. चूक माझी आहे."

शेठचा चेहरा लाल झाला. रिंग रोडच्या कापड बाजारातले व्यापारी माल परत का पाठवतात, हे कोडं त्याला आत्ता सुटलं. तो तिच्यावर बरसला, कंपनीवर बरसला, मग त्याची नजर चिठ्ठीवर गेली. मशीन बराबर छे, हे त्याचे स्वतःचे शब्द त्यालाच आठवले असावेत. अखेर त्याने दाराकडे तोंड करून हाक मारली, "वाल्मिक! सुभद्राबेनने पाछा बोलाव." आणि लगेच राकेशभाईंना फोन लावायला घेतला.

सुभद्राबाई फाटकापर्यंत पोचल्या होत्या. परत आल्या, तोवर वाल्मिकने त्यांना अर्धीमुर्धी हकिकत सांगितली होती. त्यांनी गोधडी पुन्हा खुर्चीवर पसरली, पण बसल्या नाहीत.

"मनी खुर्ची वाचाडी तू," त्या म्हणाल्या. "आन तुनी?"

उज्ज्वलाने वळून पाहिलं. केबिनच्या काचेतून शेठ फोनवर हातवारे करताना दिसत होता.

"बठा मावशी," ती म्हणाली. "आधी हाऊ ताका दखूत."

ताका सरकला, डाग मोजले गेले, आणि ताका संपताच खिडकी उघडली. ऐन समोर, स्क्रीनच्या मध्यावर. डाग जास्त आहेत, तरी पास करायचा का? बाईंनी ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. हात अजून मांडीवरच होते.

"आते त्यानी इचारं," त्या हळूच म्हणाल्या. "आते लावू का हात?"

उज्ज्वलाच्या पर्समध्ये फोन वाजत होता, राकेशभाईंचाच असणार.

"लावा मावशी," ती म्हणाली, आणि सुभद्राबाईंनी "नाही" दाबलं.