आतून उजळलेला टोप

बालमित्रांनो, इस्राएल देशातल्या पेताह तिक्वा या गावाच्या कडेला, संत्र्यांच्या बागा जिथे संपतात तिथे, लहान लहान घरांची एक ओळ आहे. त्यांतील शेवटच्या घराच्या पायरीपाशी सब्जाचे दाट झुडूप वाऱ्यावर डोलत असते. येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष त्या झुडपाकडे जाते. त्याच्या मुळाशी असलेल्या भांड्याकडे कोणी पाहत नाही. ते भांडे म्हणजे मी, एक जुना पितळी टोप. आज माझ्या पोटात माती आहे. एके काळी तिथे या घराच्या शब्बाथाचा, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचा, गोडवा मुरत असे.

माझा जन्म कोकणातला, रेवदंड्याचा. एका वृद्ध तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. घाव सोसल्यावाचून भांड्याला घाट येत नाही, हे मी तिथेच शिकलो. फ्लोराच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला तिच्या हाती दिले आणि माझ्या काठावर बारीक ठिपक्यांनी तिचे नाव कोरवून घेतले. तेव्हापासून मी तिचा झालो.

फ्लोराबरोबर मी मुंबईला, माझगावच्या चाळीत आलो. चाळीत दर काही महिन्यांनी कल्हईवाला येई. तुमच्यापैकी कित्येकांनी त्याला पाहिले नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पितळ आंबटाशी वैर धरते. चिंच, कोकम, ताक असे काही त्यात राहिले, तर ते हिरवे पडते, कळकते आणि पोटात गेल्यास विषासारखे बाधते. म्हणून पितळी भांड्याला आतून कथलाचा पांढराशुभ्र पातळ थर देतात. तीच कल्हई. कल्हईवाला भाता फुंकून मला चांगला सणसणीत तापवी, कथलाचा तुकडा फिरवी, नवसागर टाकी आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात माझे अंतरंग चांदण्यासारखे करून टाकी. धुराने खोकत खोकत मुले टाळ्या वाजवीत. फ्लोराला त्याला कधी बोलवावे लागले नाही. तो आपला येई आणि आपला जाई. जी गोष्ट न बोलावता येते, तिची आठवण ठेवण्याची सवय मनुष्याला लागत नाही, मित्रांनो. पुढच्या साऱ्या दुःखाचे मूळ एवढेच होते.

फ्लोराचे घराणे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. त्यांच्या पूर्वजांना कोकणात धर्माला चालेल असे द्राक्षमद्य मिळत नसे, म्हणून ते काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचे शरबत करीत आणि शुक्रवारी सायंकाळी त्याच प्याल्यावर आशीर्वाद म्हणत. हे शरबत फ्लोरा माझ्यातच करी. इतर भांड्यांना रोजचा भातआमटीचा मान होता. मला आठवड्याचा मान होता.

पुढे ज्यूंचा नवा देश, इस्राएल, झाला आणि तिकडे जायचे ठरले. विमानात सामान मोजकेच नेता येणार होते. पाटा शेजारणीकडे गेला, खोवणी नणंदेकडे गेली. मला गाठोड्यात पाहून फ्लोराचा नवरा बारूख हसला.

"अगं, या टोपाला नेतेस की मला? दोघांना मिळून विमान उचलायचं नाही."

"तुम्ही आपल्या पायांनी चढाल," फ्लोरा म्हणाली. "त्याला पाय नाहीत."

माझ्या पोटात फ्लोराच्या लहानग्या लेकीचे, रूबीचे, कपडे, कोकमाची पुडी आणि सब्जाच्या बियांची एक चिमुकली पिशवी भरून मी समुद्र ओलांडला.

इथले आरंभीचे दिवस पत्र्याच्या छपराखाली गेले. बारूख रस्त्याच्या कामावर जाई. अंडी, साखर, तेल सारे शिधापत्रिकेवर मिळे आणि तेही बेताचे. अशा वेळी घर चालवण्याचे जे शास्त्र आहे, त्यात माझी फ्लोरा पंडिता होती. साबणाचे झिजलेले तुकडे ती साठवी आणि वितळवून त्यांची नवी वडी पाडी. पिठाच्या रिकाम्या गोणीचे गाळणे करी, परकर करी आणि परकर विरला की पुन्हा गाळणे. नारळ या भूमीत दृष्टीसही पडत नव्हता. तिने बागेच्या कडेचे गळालेले बदाम वेचले, वाटले आणि त्यांच्या दुधात मासळीचे कालवण केले. बारूखने पहिला घास घेऊन डोळे मिटले आणि अलिबागचा रस्ता दिसला म्हणाला. दुकानातल्या वस्तूंपैकी तिला दोनच मनापासून आवडत. एक निळसर कपडे धुण्याचा साबण आणि दुसरी वातीची चूल. बाकी जे जे हाताने होण्यासारखे होते, ते ती विकत आणीत नसे.

आणि संत्री-लिंबांच्या साली! बागांजवळ त्या फुकट पडलेल्या असत. फ्लोरा त्या गोळा करी आणि दर गुरुवारी राख व साल घेऊन मला आतून-बाहेरून घाशी. माहेरी तिला शिकवले होते की भांड्याचा उजाळा हीच गृहिणीची अब्रू. शेजारची शुला रुमानियाहून आलेली होती. ती मला हाती घेऊन फिरवून पाही आणि हातवारे करून सांगे की हे तर सोन्याचे पात्र आहे, राजाच्या घरचे. फ्लोरा लाजून हसे. मीसुद्धा फुशारून जाई. आधी मी बाहेरून उजळत होतो. मग हळूहळू आतूनही पिवळा, तेजस्वी दिसू लागलो. माझी पांढरी कल्हई राखेबरोबर आणि लिंबाच्या सालीबरोबर आठवड्या-आठवड्याने निघून चालली होती. ज्या तेजाची स्तुती होत होती, तोच माझा रोग होता. मला ते कळत होते. परंतु भांड्याला वाणी नाही.

चाळीत असतो, तर एव्हाना कल्हईवाल्याची हाळी ऐकू आली असती. इथे ती हाळी कधी आली नाही आणि ती येत नाही हेही कोणाच्या ध्यानी आले नाही.

एका गुरुवारी बारूख कुठूनशा चांगल्या मनुका घेऊन आला. फ्लोराने त्या रात्रभर माझ्यात भिजत घातल्या. शुक्रवारी सायंकाळी आशीर्वाद झाला, प्याला फिरला. बारूखने ओठ किंचित वाकडे केले आणि म्हणाला की इथल्या मनुकांची चव अशीच तुरट असावी. मोठ्यांनी एकेक घोट घेतला. रूबी तेव्हा सहा वर्षांची होती. गाळून उरलेला चोथा आणि तळचे शरबत हा तिचा हक्काचा वाटा. तिने माझ्या तळाशी बोटे फिरवून फिरवून ते चाटले. मी तिला ते कसे नाकारू, मित्रांनो? माझी धार तीक्ष्ण असती, तर मी तिचे बोट कापले असते. पण चांगल्या तांबटाने माझे काठ गोल केले होते.

थोड्याच वेळात रूबीच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि ती ओकू लागली.

आता जे झाले, ते सांगताना आजही माझे पितळ गार पडते. पोट बिघडले की कोकमाचे पाणी द्यावे, हे फ्लोराला आईकडून मिळालेले औषध. मुंबईहून आणलेल्या कोकमाची शेवटची आमसुले तिने जपून ठेवली होती. एरवी तिने ती कढवून दिली असती, घटकाभराचे काम. परंतु शब्बाथ लागला होता आणि शब्बाथाला चूल पेटवायची नाही. म्हणून तिने ती थंड पाण्यात भिजत घातली, सकाळपर्यंत. कशात? घरातल्या सर्वांत पवित्र, सर्वांत स्वच्छ, आदल्याच दिवशी घासून लख्ख केलेल्या भांड्यात. माझ्यात.

रात्रभर ते आंबट पाणी माझ्या उघड्या अंगाला खात होते आणि मी त्याला खात होतो. मला एखादे भोक पडावे, सारे पाणी जमिनीत जिरावे, अशी प्रार्थना मी केली. परंतु मी मजबूत घडलेला होतो. सकाळी फ्लोराने चमच्या-चमच्याने ते पाणी लेकीच्या मुखी घातले. प्रत्येक चमच्याबरोबर ती संकटात धावून येणाऱ्या प्रेषिताचे, एलियाहू हन्नाबीचे, नाव घेत होती. औषध म्हणून ती जे देत होती, ते मीच विषारी केले होते.

रूबीने मान टाकली. बारूखने तिला उचलले, शुला पुढे धावली आणि ती सारी दवाखान्याकडे गेली. घरात मी एकटा राहिलो. तळाशी दोन घोट पाणी.

तिथे जे घडले ते मला पुढे बोलण्यातून कळले. परिचारिका सारितने विचारले की मुलीने काय खाल्ले होते. फ्लोराला हिब्रू पुरेसे येत नव्हते. तिने हाताने मनुका दाखवल्या, भिजवणे दाखवले. सारित दुष्ट नव्हती, थकलेली होती. ती म्हणाली, "घरी कशाला हे सगळं करता? दुकानात तयार मद्याची बाटली मिळते." बारूखने त्याचा मराठीत अर्थ सांगितला आणि फ्लोराने मान खाली घातली. दोन दिवस रूबीच्या हाताला सुई लावलेली होती. शुद्धीवर आल्यावर ती आईला म्हणाली,

"आई, शरबत गोड होतं गं."

ते ऐकून फ्लोरा रडली, असे बारूख सांगत असे. त्यापूर्वी ती रडली नव्हती.

घरी येताच फ्लोराने उरलेल्या मनुका फेकल्या. लोणचे फेकले, साबणाच्या वड्या फेकल्या, गाळणे फाडले. आपल्या हातांनी केलेले सारे काही घातक आहे, असे तिच्या मनाने घेतले. बदामाचे दूधही तिने ओतून दिले. तिचा संशय घरातल्या साऱ्या वस्तूंवर गेला. माझ्यावर मात्र गेला नाही. उलट धुण्यासाठी तिने मोठ्या मायेने मला उचलले. आणि तेव्हा तिने पाहिले. वाळलेल्या कोकमाच्या पाण्याभोवती, माझ्या सोनेरी तळावर, एक हिरवे कडे उमटले होते.

मी बोलू शकलो नाही. पण त्या कड्याने माझ्यासाठी साक्ष दिली.

फ्लोरा मला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. कितीतरी वेळ तिचे बोट माझ्या आतून फिरत होते. पांढरा थर कुठे उरला आहे काय, ते शोधत होते. बारूख दारात येऊन थांबला.

"कल्हई," ती एवढेच म्हणाली. "अवो, कल्हईवाला आलाच नाही इकडे."

बारूख तिच्याजवळ बसला. "त्याला कोणी बोलावलंच नाही," तो हळूच म्हणाला. "आपण दोघांनीही."

दुसऱ्या दिवशी तिने मला कडेवर घेतले आणि गावात फिरली. एका पत्र्याच्या कारागिराने मला वाजवून पाहिले आणि मान हलवली. दुसऱ्याने अल्युमिनियमची भांडी दाखवली, हलकी आणि स्वस्त. तिसऱ्याला तर ती काय मागते आहे हेच उमगले नाही. ज्या देशासाठी पिढ्यानुपिढ्या प्रार्थना केली, त्या देशात माझी फ्लोरा कथलाच्या एका तुकड्यासाठी दारोदार हिंडली. कुठे असेलही तसा कोणी; आम्हांला तो भेटला नाही.

रूबी बरी झाली म्हणून नवस फेडण्यासाठी घरात मलिदा, म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या नावाचा गोड नैवेद्य, झाला. पोहे आणि नारळ यांच्या जागी भिजवलेले तांदूळ आणि खजूर होते. मलिदा एनॅमलच्या पांढऱ्या मुलाम्याच्या परातीत मांडला गेला. मी पडवीत होतो. आतून गाण्याचे सूर येत होते आणि माझ्या पोटात पावसाचे पाणी साचले होते. माझ्यावर कोणी रागावले नव्हते, म्हणूनच ते अधिक जड वाटले.

फ्लोराचे हात मात्र पुष्कळ दिवस निश्चल राहिले. बाटलीतल्या मद्यावर आशीर्वाद होऊ लागला आणि रूबी तोंड वेडेवाकडे करू लागली. अखेर एका गुरुवारी रूबीनेच मुलाम्याचे पातेले आईपुढे ठेवले, त्यात मूठभर मनुका टाकल्या आणि आईच्या पुढ्यातच उभी राहिली. फ्लोराने तिच्याकडे पाहिले, पातेल्यात आतून नीट पाहिले, बोट फिरवले. मग पाणी ओतले. साबणाच्या वड्या पुढच्या आठवड्यात परत आल्या, बदामाचे दूध त्यानंतर.

माझ्यात तिने माती भरली आणि मुंबईहून आलेल्या सब्जाच्या बिया पेरल्या. शब्बाथ सरताना सुगंध घेऊन आशीर्वाद म्हणण्याची रीत आहे आणि आमच्या लोकांत त्यासाठी सब्जा चालतो.

आता आम्ही या पक्क्या घरात आहोत. रूबी मोठी झाली आहे. आई मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते. शनिवारी तारे दिसले की ती पायरीवर येते, माझ्यावर वाकून चार पाने खुडते. पहिल्यांदा तिने अशी पाने चुरगाळली आणि तिच्या बोटांना हिरवा रंग लागलेला मी पाहिला, तेव्हा मी मुळापर्यंत शहारलो. तीच बोटे, तोच रंग. तिने ती नाकाशी नेली, हसली आणि आत जाऊन आईच्या नाकाशी धरली. कोणाला काही झाले नाही.

तरीही दर शनिवारी मी घाबरतो, मित्रांनो. ते भय माझ्याबरोबर जाईल.

तुमच्या घरीही एखादे भांडे असेल, जे रोज मुकाट्याने तुम्हांला वाढते. ते वाढणारे हातही असतील. त्यांचा उजाळा पाहून स्तुती अवश्य करा. पण अधूनमधून आत वाकून पाहा आणि बोट फिरवा. आतला थर विरत चालला असेल, तर ते तुम्हांला सांगणार नाहीत. सांगता येत नाही म्हणून.