साक्ष दिल्यावर

बायजीनं चुलीतली राख ओढली आणि तिच्यात अर्धवट जळालेलं गोळ्यांचं पाकीट निघालं. ओट्यावर बसलेली तुळशी ताडकन उठली.

"रविवारपासून घेत नाय ती," बायजी लेकीबद्दल सांगू लागली. "बोलते, आये, सगळ्यांसमोर साक्ष दिली का प्रभूनं मला बरं केलं. आता गोळी घेतली तर साक्ष खोटी होल ना? तुलाच इचारणार होते, तुळशीबाय. चालंल ना गोळीबिगर?"

तलासरीच्या त्या डोंगरातल्या पाड्यांवर कुणाचं दुखलंखुपलं की येशूला मानणारी विश्वासी माणसं तुळशीला प्रार्थनेला बोलवत. बायजीच्या रोशनीला लहानपणापासून फेफरं यायचं. तुळशीनं तिच्यासाठी उपास धरले, डोक्याला तेल लावून प्रार्थना केल्या, आणि त्याच दिवसांत डहाणूच्या डॉक्टरनं नवीन गोळ्या सुरू केल्या. फेफरं थांबलं. कशानं थांबलं, हे कुणी विचारलं नाही. रविवारी प्रार्थनेच्या सभेत पोरगी साक्ष द्यायला उभी राहिली तेव्हा सगळ्यात आधी टाळी वाजवली ती तुळशीनं. गोड लागलं होतं तिला ते. कुणाला लागणार नाही?

"आज सकाळी तिच्या हातातनं कप सुटला," बायजी हळूच म्हणाली. "हाताला झटका बसला तसा."

"कुठाय ती?"

"घोलवडला, चिकूच्या वाडीत. आता खाली बसून माल निवडत नाय. बरी झाले बोलते, झाडावर चढते."

तुळशीनं फोन लावला. नुसता वाजत राहिला. मग मिळेल त्या रिक्षात बसून ती निघाली. वाटेत डोळे मिटले, पण शब्द जुळेनात. 'प्रभू, तू तिला बरं केलंस' म्हणावं, की 'बरं केलं नसशील तर सांभाळ' म्हणावं? दुसऱ्यांसाठी अखंड बोलणारी ही बाई त्या दिवशी 'प्रभू, प्रभू' याच्यापुढे जाईना.

वाडीत काकड्या नावाचा मुकादम टोपल्या मोजत होता. विश्वासी मंडळींची टर उडवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "या, या, हालेलुया! तुमच्या येशूनं पोरीला पंख दिले बघा," त्यानं वर बोट दाखवलं.

जुनं, उंच झाड. शेंड्याजवळ दोन फांद्यांच्या दुबेळक्यात रोशनी उभी, हातात जाळीची काठी.

"रोशनी, उतर खाली!"

"का गं, मावशी?"

सगळ्यांचे हात थांबले. काकड्यासमोर बोलायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. उद्या पाडाभर हसं होईल, आणि जी चार माणसं विश्वासानं येतात तीही येणार नाहीत. तुळशीला हे सगळं कळत होतं.

"गोळ्या बंद केल्यास म्हणून!"

"तूच प्रार्थना केलीस ना? तूच टाळी वाजवलीस. मग मी बरी झाले का नाय?"

"मला माहीत नाय!" तुळशी ओरडली. "ऐकलंस? मला माहीत नाय! उतर!"

काकड्या हसायला गेला, पण वरून काठी सुटून पाल्यातून खडखडत खाली आली. रोशनीचा हात उडत होता. तुळशीनं पदर खोचला आणि शिडी गाठली. शिडी संपली तिथून फांद्यांना धरून ती वर गेली, आणि पोरगी ताठ होते न होते तोच तिच्यासकट खोडाला मिठी मारली. रोशनीचं अंग थाडथाड उडत होतं. सालीवर तुळशीचे हात सोलून निघाले. खाली माणसं आरडाओरडा करत दुसरी शिडी ओढत होती, आणि तुळशी दात आवळून एकच वाक्य पुटपुटत होती.

चौघांनी मिळून रोशनीला उतरवलं. काकड्या चप्पल हुंगवायला धावला, त्याला तुळशीनं ढकललं आणि पोरीला कुशीवर निजवलं. बऱ्याच वेळानं रोशनीनं डोळे उघडले.

"मला फेफरं आलं, मावशी?"

"आलं."

"म्हणजे मी खोटं बोलले."

"तू खोटं नाय बोललीस. तुला वाटलं ते बोललीस. घाई मला झाली होती."

रोशनी तुळशीच्या सोललेल्या हातांकडे बघत राहिली. "वरती प्रार्थना केलीस?"

"केली."

"काय मागलंस? बरं कर?"

"नाय गं. माझे हात सुटू देऊ नको, एवढंच."

काकड्या टेम्पो काढायला गेला. डहाणूला न्यायचं हे त्याला सांगावं लागलं नाही.

"रविवारी हे सांगशील?" रोशनीनं विचारलं. "सगळ्यांसमोर? जसं झालं तसं?"

"सांगेन," तुळशी म्हणाली, आणि तिथेच, सगळ्या मजुरांसमोर, तिला रडू फुटलं.