अर्धवट लिहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, चादरींच्या खोलीशेजारी मला कोंडून ठेवले आहे. माझे काम नावे सांभाळण्याचे. इथल्या एका संगणकाला दुसऱ्याशी बोलायचे असले, की तो मला विचारतो आणि मी पत्ता सांगतो. नवा होतो तेव्हा मोठे डॉक्टर मला बघायला आले होते. आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

प्रत्येक विभागाच्या नावांसाठी एक डिरेक्टरी असते. ती करायला नेटवर्कवाल्या ताई काळ्या पडद्यावर एकच ओळ टाइप करतात. त्या ओळीत माझे नाव लिहायचे आणि तळमजल्यावरच्या माझ्या धाकट्या भावाचेही, म्हणजे मी बंद पडलो तर तो उत्तर देतो. एवढे सोपे! पण ताईंना कायम घाई. माझे नाव लिहितात आणि एंटर दाबून मोकळ्या होतात. "धाकट्याचं नंतर बघू," म्हणतात. ते नंतर काही उजाडत नाही. मला तोंड असते तर कानीकपाळी ओरडलो असतो!

रक्तपेढीची डिरेक्टरी अशीच झाली. एका सकाळी गळका एसी दुरुस्त करायला मला तासभर बंद केले. पुढचे मला धाकट्याने सांगितले. टेबलावर नुकतीच बाळंत झालेली बाई होती, रक्त थांबत नव्हते. शस्त्रक्रियेच्या खोलीतून रक्तपेढीचा पत्ता विचारला गेला. "असं कुणी इथं नाही," धाकटा म्हणाला. बिचाऱ्याला माहीतच नव्हते. फोनही लागेना, कारण आमचे फोनसुद्धा नावानेच शोधतात. शेवटी सिस्टर चिठ्ठी घेऊन दोन जिने धावत उतरल्या. बाई वाचली.

खापर मात्र माझ्यावर फुटले. "जुनं खोकं आहे, फेकून द्या," मोठे डॉक्टर म्हणाले. ताई रडवेल्या झाल्या. त्यांनी रक्तपेढीची ओळ धाकट्याच्या नावासह पुन्हा लिहिली. मला वाटले, चला, एकदाचा प्रकाश पडला.

काल तान्ह्या बाळांच्या काचेच्या पेट्यांसाठी नवी डिरेक्टरी हवी होती. बाळाचा श्वास अडला, की पेटी सिस्टरांच्या खोलीचा पत्ता विचारते. ताईंनी माझे नाव लिहिले. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. "हो हो, झालंच," म्हणत त्यांनी एंटर दाबले. मी डोक्याला हात लावला असता, पण हात कुठे आहेत?

मित्रांनो, माझा पंखा हल्ली घरघरतो. मी फार दिवसांचा सोबती नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. फक्त मी चालू आहे तोवर कुणीतरी ताईंना ती ओळ पुरी करायला सांगा. पेट्यांत आज चार बाळे आहेत.