फ्रिजवरचा चेक

गुरुवारी सकाळपासून मार्नी हिएताला आल्डर बेमधल्या ओळखीच्या माणसांना फोन करून एकच प्रश्न विचारत होती: तुम्ही काम काय करता?

प्रश्न हास्यास्पद होता. लेक सुपीरियरच्या काठच्या या गावात कोण काय करतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नियम म्हणजे नियम. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहासाठी उभ्या असलेल्या उमेदवाराला कुणी दोनशे डॉलरच्या वर देणगी दिली, तर हिशेबात त्याचा व्यवसाय आणि मालकाचं नाव लागतं. रकाना मोकळा असेल तर खजिनदाराने देणगीदाराला गाठून तो भरून घ्यायचा. तीन महिन्यांचा हिशेब आज रात्री बाराच्या आत निवडणूक आयोगाकडे जायला हवा होता आणि त्यावर खजिनदार म्हणून मार्नीची सही लागणार होती.

आधीचा खजिनदार तब्येतीचं कारण सांगून सप्टेंबरात बाजूला झाला, तेव्हा उमेदवार डेनिस पेल्टो स्वतः तिच्या दारात आला होता. सगळं गाव त्याला कोच म्हणतं. शाळेत आइस हॉकीचा संघ त्याचा, आणि त्या संघाचे गोल आणि फाउल चार वर्षं टिपून ठेवणारी मार्नी. "पैशाकडे बघायला मला जमत नाही, पोरी," तो म्हणाला होता. "तू आहेस म्हटल्यावर लोक दुसरा प्रश्न विचारत नाहीत." एरवी ती गावाच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. या कामासाठी तिने आठवड्याची रजा टाकली होती.

खर्चाची बाजू तिने आधीच लावून टाकली होती. पेट्रोल, रेडिओच्या जाहिराती, हॉलचं भाडं, सभेत वाटलेल्या खिम्याच्या पेस्टी, अंगणात रोवायच्या पाट्यांसाठी मर्ल बोड्रीच्या लाकूडगिरणीतून घेतलेल्या खुंट्या. सगळ्याच्या पावत्या होत्या. जमेची यादी प्रचार कार्यालयाने परस्पर भरली होती. मार्नीकडे फक्त मोकळ्या रकान्यांची नावं आली होती, आणि त्यातली बरीचशी बोड्रीच्या गिरणीतल्या माणसांची होती. प्रत्येकाच्या नावापुढे साडेतीन हजार. एका माणसाला यापेक्षा जास्त देताच येत नाही.

तिला ते जरा खटकलं होतं. प्रयोगशाळेत सगळ्या नमुन्यांचा आकडा अगदी सारखा आला, तर पाणी शुद्ध आहे असं कुणी म्हणत नाही. सगळ्या बाटल्या एकाच नळावर भरल्या, असा संशय घेतात.

तिने वॉल्ट ऑयालाला फोन लावला. वॉल्ट गिरणीत करवतीवर असतो. तिच्या वडिलांच्या बरोबरीचा माणूस.

"वॉल्ट, मार्नी बोलतेय. तुमचा व्यवसाय सांगा."

"डोकं फिरलं का तुझं? तीन बोटं गेली माझी त्या करवतीत, आणि विचारतेस व्यवसाय?"

"नियम आहे हो. करवतकाम लिहू?"

"नट लिही. सिनेमातला."

ती हसली. मग सहज म्हणाली, "बाकी तुम्ही मनावर घेतलंत. साडेतीन हजार म्हणजे काही थोडे नाहीत."

पलीकडे वॉल्टने घसा खाकरला.

"वॉल्ट?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे," वॉल्ट म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अगं, ते मर्लचे पैसे. ऑगस्टात बोनस दिला आणि तेवढ्याचाच चेक कोचच्या नावाने लिहायला लावला. मी छपराची कौलं दुरुस्त करू शकत नाही, आणि साडेतीन हजार वाटत फिरतोय होय? तुझ्या नवऱ्यालाच विचार की, ड्वेनला, तोही गिरणीतलाच. त्याने तर तुझ्याही नावाने दिलेत."

मार्नीने फोन ठेवला आणि पूर्ण यादी उघडली. शेकडो नावं होती. तिने स्वतःचं नाव टाकून शोधलं.

सापडलं. मार्नी हिएताला, साडेतीन हजार डॉलर. व्यवसायाचा रकाना कुणीतरी भरलेला होता: गृहिणी.

तिला आधी राग आला तो त्या शब्दाचा. बारा वर्षं हे गाव जे पाणी पितं त्यावर तिची सही असते. मग तिने नोंदीला जोडलेलं चेकचं छायाचित्र उघडलं आणि राग जागच्या जागी विरला. चेक एकच होता, सात हजारांचा, दोघांच्या खात्याचा. खाली ड्वेनची सही. आणि त्याच्या वर, नमुन्याच्या बाटल्यांवर लिहायच्या हिरवट शाईत, तिची स्वतःची. खोटी नव्हे. तिच्याच हातची.

हिवाळ्याचं लाकूड ऑगस्टात येतं. लाकूडवाला येतो तेव्हा दोघंही कामावर असतात, आणि ओंडके किती निघतील हे ट्रक रिकामा होईपर्यंत कळत नाही. म्हणून तिची आई करायची तेच मार्नी करत आली होती. सही केलेला कोरा चेक फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून जायचा. लाकूडवाल्याने दार ढकलून आत यायचं, आकडा लिहायचा, चेक घेऊन जायचं. आल्डर बेमध्ये अर्ध्या घरांत हेच चालतं. ऑगस्टात फ्रिजवरचा चेक गेलेला तिने पाहिला होता आणि तो लाकूडवाल्यानेच नेला असं धरलं होतं. सरपणाच्या दोन रांगाही रचलेल्या पाहिल्या होत्या. बँकेचा हिशेब ड्वेन बघायचा. दिवसभर आकड्यांत असते, घरी मला आकडा दाखवू नकोस, असं तिनेच त्याला सांगितलं होतं.

दुपारी ड्वेन डबा विसरला म्हणून घरी आला. ती स्वयंपाकघरात तशीच बसली होती. तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

त्याने पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. "सांगणार होतो."

"कधी?"

"निवडणूक झाल्यावर."

"लाकूडवाल्याला काय दिलंस मग?"

"रोख. मर्ल म्हणाला, बायकांची नावंही चालतील. सगळ्यांनी दिली, मार्नी. मी एकटा कसा नाही म्हणू? आणि कोच तर आपलाच माणूस. तू त्याच्या खजिन्यावर बसशील हे तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं गुन्हा आहे, ड्वेन."

"अगं, गुन्हा म्हणजे काय, सगळेच..."

"गुन्हा म्हणजे गुन्हा. आणि आज या हिशेबावर सही केली, तर तो मी जाणूनबुजून लपवला असं होईल."

तो खुर्चीत बसला. डबा त्याच्या मांडीवर होता. "मग सही करू नकोस. राजीनामा दे."

तेही तिने तासाभरात पडताळून पाहिलं होतं. खजिनदार नसेल तर समितीला एक डॉलर घेता येत नाही की खर्चता येत नाही. मतदान तीन आठवड्यांवर. रेडिओ बंद, पाट्या बंद, कोच संपला. आणि नवा खजिनदार पहिल्यांदा हेच विचारणार, की आधीचीने का सोडलं.

"मग फक्त तुझी ओळ दुरुस्त कर," ड्वेन म्हणाला. "बाकीच्यांचं राहू दे."

"चेक एकच आहे. माझी ओळ खोटी ठरली की तुझीही ठरते. आणि तुझी ठरली की मर्लची."

"मर्ल मला ठेवेल का मग?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. साठ मैलांत दुसरी गिरणी नव्हती.

ड्वेन उठून मागच्या अंगणात गेला. गिरणीत परत जायची वेळ टळून गेली तरी तो नीट रचलेलं सरपण पुन्हा रचत राहिला.

तिने कोचला फोन केला. तो कुठल्याशा सभेत होता. पाठीमागे ताटल्या वाजत होत्या.

"कोच, बोड्रीच्या गिरणीतल्या देणग्या कामगारांच्या नाहीत. मर्लच्या आहेत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. त्यातली एक माझ्या नावावर आहे."

ताटल्यांचा आवाज लांब गेला. तो बाहेर आला असावा. "हे बघ, मार्नी, मी कधी विचारलं नाही."

"माहीत आहे."

"तीन आठवडे फक्त. मग सगळं निस्तरू. चूक लक्षात आल्यावर परत करायला कायदाच महिनाभर देतो ना?"

"पैसे परत करायला देतो. आज सही करायची आहे ती खरं सांगतेय म्हणून."

"तुला मी शाळेपासून ओळखतो, पोरी."

"म्हणून तर मला ठेवलंत," ती म्हणाली. "माझ्या नावापुढे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही म्हणून."

त्याने पुन्हा दार उघडलं असावं, ताटल्या जवळ वाजू लागल्या. मग म्हणाला, "लोक थांबलेत आत," आणि फोन बंद झाला.

तिला एकदा वाटलं, त्याने ओरडायला हवं होतं. ओरडणाऱ्या माणसाच्या विरुद्ध जाणं सोपं असतं. चार वर्षं त्याच्या बाकावर बसून तिने गोल टिपले होते. स्वतःच्या संघावर झालेले गोलही तसेच टिपायचे, हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

तिने स्वतःच्या ओळीतला "गृहिणी" पुसला आणि "पाणी तपासनीस" लिहिलं. टीपेच्या जागी लिहिलं: हे पैसे माझे किंवा माझ्या नवऱ्याचे नाहीत. गिरणीच्या मालकाने बोनस म्हणून दिले. तशीच टीप ड्वेनच्या ओळीला, मग वॉल्टच्या. गिरणीतल्या बाकीच्या नावांपुढे तिने लिहिलं: चौकशी चालू. तिला जेवढं माहीत होतं तेवढंच. नमुना घेतला नाही त्या विहिरीचा आकडा लिहीत नाहीत. मग खाली सही केली आणि अजून उजेड होता तेवढ्यात हिशेब पाठवून दिला.

पाठवल्यावर सुटल्यासारखं वाटेल अशी तिची कल्पना होती. तसं काही झालं नाही. खोली तेवढीच होती, आणि खिडकीतून ड्वेनची पाठ दिसत होती.

अंगणात ट्रक वाजला. लाकूडवाला उरलेली तिसरी रांग घेऊन आला होता. या वर्षी थंडी लवकर पडणार होती.

"मार्नी! चेक!" ड्वेनने सवयीने हाक मारली, आणि तो शब्द लक्षात येताच वळून ओंडक्यांसाठी जागा मोकळी करू लागला.

ती चेकबुक घेऊन बाहेर आली. पान कोरं होतं, सहीसुद्धा नव्हती.

"लावून नाही ठेवलास होय या खेपेला?" लाकूडवाला हसून म्हणाला. "माझ्यावरचा विश्वास उडाला वाटतं."

"आधी उतरव," मार्नी म्हणाली. "मग आकडा सांग."

ते तिघं उभे राहिले आणि ओंडके एकेक करून खाली पडत गेले. ड्वेनच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याने तो काढून पाहिला आणि वरचं नाव तिला दाखवलं. मर्ल बोड्री.

"उचलू?"

"तू ठरव," ती म्हणाली. "मी माझं केलंय."

फोन वाजत राहिला. ट्रक रिकामा झाला, लाकूडवाल्याने आकडा सांगितला. मार्नीने ट्रकच्या पत्र्यावर चेकबुक टेकवलं, आधी आकडा लिहिला, मग सही केली.