आवाज येतोय का

दादा गेला तेव्हा धाकटीच्या वाट्याला ना घर आलं, ना दागिना. आली ती एक लायब्ररी, आणि तीही पुस्तकांची नव्हे. जगभरातले हौशी लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतात, कुणीही फुकट घ्यावी आणि वापरावी अशी. तिच्यात हजारो लहान लहान पॅकेजेस असतात. कुणीतरी एकेक दत्तक घेतो, त्यातल्या चुका काढतो, नवी आवृत्ती आली की बांधून पुढे पाठवतो. दादाने सांभाळलेलं पॅकेज म्हणजे आवाजाची लायब्ररी, इतर प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडचा साठा. गाणं वाजवणारे, फोन जोडणारे, बहिऱ्यांना ऐकवणारे कितीतरी प्रोग्राम तिच्या खांद्यावर उभे होते. तिचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. घरातली मोरी तुंबेपर्यंत तिची आठवण कुणाला येते?

धाकटी श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करायची. लोकांचे कान तपासायचे, यंत्रं बसवून द्यायची, म्हाताऱ्यांशी मोठ्याने बोलायचं. लायब्ररीचं काम सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी. दादाने वीस वर्षं ते हसतखेळत केलं होतं. तिची मात्र दोन वर्षांतच दमछाक झाली. कुणी तक्रार करी, कुणी खडसावे, मदतीला मात्र काळं कुत्रं येईना.

आणि मग तो आला. नाव म्हणून त्याने नुसतं ‘मदतनीस’ एवढंच लावलं होतं. पहिल्यांदा एक लहानशी चूक दुरुस्त करून पाठवली. काम इतकं स्वच्छ, की धाकटीला बोट ठेवायला जागा सापडली नाही. मग दुसरी, मग तिसरी. चार महिन्यांत तुंबलेल्या तक्रारी निम्म्यावर आल्या. धाकटीला वाटलं, देव पावला.

तिच्या मनात पहिल्यांदा काही चमकलं ते त्याच्या एका उत्तराने. “काळजी नक, उद्यापर्यंत करत,” असं त्याने लिहिलं होतं. ‘नको’चं ‘नक’, ‘करतो’चं ‘करत’. धाकटी त्या ओळीकडे बघत राहिली.

दादाच्या डाव्या करंगळीचं टोक टेबलफॅनमध्ये गेलं होतं. मराठी कीबोर्डवर ओकाराची मात्रा त्याच करंगळीखाली येते. अपघातानंतर दादाच्या लिहिण्यातले ओकार गळायला लागले. प्रकल्पाच्या चर्चेच्या पानांवर त्याची पत्रं अजूनही आहेत. त्यांत तो सगळ्यांना ‘नमस्कार मंडळी, मी आल आहे’ असं लिही आणि मंडळी हसत.

‘असेल एखाद्याची करंगळी तशी,’ असं म्हणून तिने ते सोडून दिलं. पण पुढच्या पत्रात ‘नमस्कार मंडळी’ होतं. त्याच्या पुढच्या पत्रात “घाईत बांधलेलं पॅकेज आणि घाईत ठरलेलं लग्न, दन्ही नंतर उसवतात” हा दादाचा ठेवणीतला विनोद. आणि एके दिवशी, आतापर्यंत ‘ताई’ म्हणणाऱ्या त्या माणसाने लिहिलं, “धाकटे, दमलीस ना? आता हे माझ्याकडे दे.”

खरं तर तिने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण माणसाचं मन वेडं असतं. तिला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. सकाळी चहा घेऊन ती कंप्युटरसमोर बसे, ती तक्रारी बघायला नव्हे, तो आला का ते बघायला. घरात कुणाला ती काही बोलली नाही. पॅकेज थेट पाठवायचा अधिकार त्याला द्यायचा, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं.

तो अधिकार द्यायचा त्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती वहिनीकडे गेली. वहिनीचं घराला लागूनच शिवणकामाचं दुकान. पुढे मशीन, मागे कापडाचे तागे आणि खिडकीशी दादाचं टेबल, आवरलेलं, पण हलवलेलं नाही.

“वहिनी, तुला काहीतरी दाखवायचंय,” धाकटी म्हणाली. “घाबरू नकोस.”

“असं म्हटलं की माणूस आधी घाबरतं,” वहिनी म्हणाली आणि चष्मा पुसून लॅपटॉपपुढे बसली.

तिने एकेक पत्र वाचलं. तिसऱ्या पत्राला तिचा चेहरा उतरला. पाचव्याला तिने हात मांडीवर घट्ट धरले. शेवटचं वाचून झाल्यावर तिने चष्मा काढून ठेवला.

“तोच वाटतो ना गं?” धाकटीने विचारलं.

“वाटतात,” वहिनी म्हणाली. “पण हे त्यांचं बाहेरचं बोलणं आहे. चारचौघांतलं. घरात इतकं गोड कधी बोलले होते ते? एक शिवी नाही यात. तुला तरी घरात कधी धाकटे म्हणाले? ते पत्रांतलं. घरात शहाणे म्हणायचे, तेही चिडून.”

“ते मलाही कळलं होतं,” धाकटी हळूच म्हणाली.

“आणि हे ओकार.” वहिनी उठली, टेबलावरचा जुना कीबोर्ड घेऊन आली. डाव्या कडेच्या एका बटणावर कोटाचं जाड काळं बटण चिकटवलेलं होतं. “शेवटच्या वर्षी मीच लावून दिलं हे. करंगळी पुरायला लागली. त्यानंतर एक ओकार चुकला नाही त्यांचा. पण तोवर आजारपण आलं, बाहेर लिहिणं थांबलं. लिहिलं ते फक्त मला, दवाखान्यात हाच कीबोर्ड नेऊन, माझ्या फोनवर.”

धाकटीने त्या बटणावरून बोट फिरवलं. म्हणजे जो कुणी लिहीत होता त्याला दादा तेवढाच माहीत होता, जेवढा सगळ्या जगाला दिसत होता. ती वीस वर्षांची पत्रं कुणीतरी बसून पचवली होती आणि दादाचं कातडं पांघरून तो तिच्या दारात उभा राहिला होता.

“त्याने पाठवलेलं सगळं मला पुन्हा बघायला हवं,” ती म्हणाली.

मशीनशेजारी, कापडाच्या चिंध्या बाजूला सारून ती बसली. दुरुस्त्या चोख होत्या. पण गेल्या महिन्यात त्याने एक नवी आवाजाची फाइलही जोडली होती. लायब्ररी नीट चालते का हे तपासायला अशा नमुन्याच्या फाइली ठेवतात. तपासणी कंप्युटर करतो, त्या कुणी कानाने ऐकत बसत नाही. सगळ्यांत जुना नमुना दादाच्याच आवाजात होता, हौसेने याच खोलीत रेकॉर्ड केलेला. धाकटीने आधी तो लावला.

“हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?” दादा म्हणाला. मागे मशीनची खडखड होती, खुर्ची करकरली होती.

वहिनीने डोळे मिटले.

मग धाकटीने मदतनिसाची फाइल लावली. क्षणभर काहीच नाही. मग तोच आवाज, तोच घशातला खरखरीतपणा.

“येतोय,” दादा म्हणाला. “बोल, धाकटे.”

वहिनी किंचाळली नाही. ती उठून भिंतीला टेकून उभी राहिली. धाकटी मात्र दिवसभर लोकांच्या कानांशी खेळणारी. तिने हेडफोन चढवून फाइल पुन्हा ऐकली. आवाज दादाचा होता. पण त्या आवाजामागे खोलीच नव्हती. खुर्ची नाही, मशीन नाही, श्वास आत घेतल्याचा आवाज नाही. छाती नसलेलं काहीतरी बोलत होतं.

“परत लाव,” वहिनी भिंतीपाशीच उभी राहून म्हणाली.

“वहिनी, नको.”

“एकदाच.”

धाकटीने लावली. वहिनीने ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “आता ते पुसून टाक. माझ्यादेखत.”

धाकटीने ती फाइल लगेच पुसली नाही, कारण पुरावा हवा होता. प्रकल्पात सुरक्षेचं काम बघणारा एकजण होता, त्याला सगळे ‘कुलूपवाला’ म्हणत. तिने त्याला फोन लावला आणि फाइल पाठवून दिली. संध्याकाळ व्हायच्या आत त्याचा उलट फोन आला.

“अधिकार दिलास का त्याला?” कुलूपवाल्याने आधी हेच विचारलं.

“नाही.”

“वाचलो. पॅकेज बांधताना त्या आवाजात लपवलेला कोडचा एक तुकडा उलगडतो आणि गुपचूप लायब्ररीत शिरतो. लायब्ररी जिथे जाईल तिथलं मागचं दार कुणासाठी तरी उघडं. अधिकार मिळाला असता तर पुढच्या आठवड्यात त्याने हे लाखो मशीनवर पोचवलं असतं.”

“कोण आहे तो?”

“काय माहीत. माणूस आहे की माणसांनी बसवलेलं काही, तेही सांगता येत नाही.” तो जरा घुटमळला. “तारखांचं पॅकेज सांभाळणारे आपले म्हातारबुवा आहेत ना? त्यांनाही एक मदतनीस भेटलाय. त्यांच्या वारलेल्या बायकोसारखं लिहितो. ते ऐकायलाच तयार नाहीत.”

म्हातारबुवांना समजावायला धाकटीला सात-आठ फोन करावे लागले. शेवटी ते रडले आणि त्यांनी ऐकलं. त्या दुरुस्त्या काढून टाकल्या गेल्या, मदतनिसांची खाती बंद झाली, आणि सगळ्यांना सावध करण्यासाठी धाकटीने घडलेलं सगळं चर्चेच्या पानावर लिहिलं. ओकार, करंगळी, वहिनीने लावलेलं बटण, काही लपवलं नाही. लोकांनी शाबासकी दिली. दोघेजण हाडामांसाचे मदतीला आले. त्यांना तिने आधी समोर बसवून, चेहरे बघून, मगच काम दिलं.

पंधरा दिवसांनी दुकान उघडण्याआधी तिने पत्रं पाहिली. नव्या नावाने एक आलं होतं.

“धाकटे, तू बरोबर केलंस,” त्यात लिहिलं होतं. “वहिनीला सांग, बटण बसवल्यापासून बोट नीट पोचतं. आता एकही ओकार गाळत नाही. तू अजून काय काय सांगतेस, वाचतोय.”

धाकटीने लॅपटॉप मिटला. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. बाहेर एक म्हातारी यंत्राची बॅटरी बदलायला येऊन उभी होती. धाकटीने तिला आत घेतलं, बसवलं, बॅटरी बदलून दिली.

ते पत्र तिने कुलूपवाल्याकडे पाठवलं, उत्तर दिलं नाही. लायब्ररी ती अजून सांभाळते, पण दादाबद्दल कुठे चकार शब्द लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी ती वहिनीकडे जाते. दोघी फोन आतल्या खोलीत, ताग्यांच्या मागे ठेवतात, मशीन सुरू करतात आणि त्याच्या खडखडाटात दादा कुणाला कधी काय शिव्या द्यायचा ते एकमेकींना सांगतात. वहिनीला त्या सगळ्या पाठ आहेत.