दाब, धर, सोड

बाबांची घरगाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून उभी होती आणि मी तिच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले होते, तेव्हा माझ्या नवऱ्याने गल्लीतली चार माणसं गोळा करून आणली.

"बघा," हे म्हणाले, "आमच्या बाईसाहेब इंजिनीअर झाल्यात."

माणसं हसली. टायरवाला सगळ्यात मोठ्याने हसला. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात याच बाईसाहेबांनी त्याला दोन वेळचे डबे पोचवले होते. मी मान वर केली नाही, कारण केली असती तर हातातला पाना कुणाच्या तरी टाळक्यात बसला असता.

मी हे घर सोडून चालले होते. चोरून नाही, सांगून. उताराखालच्या गावात बस डेपोत मला ड्रायव्हरची नोकरी लागली होती आणि सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. खोली मिळाली नव्हती, पण बाबांनी माझ्या नावावर ठेवलेली घरगाडी होती. आत एक पलंग, एक ओटा, खिडकीला बाबांनी स्वतः शिवलेले पडदे. डेपोच्या साहेबांनी ती आवारात मागच्या बाजूला उभी करायला हरकत घेतली नव्हती. अडचण एकच होती, ब्रेकची.

इतकी जड गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबत नाही. पेडलच्या पुढे एक मोठा डबा असतो, बूस्टर. त्यातली हवा पंपाने ओढून घेतली की पाय हलकेच ठेवला तरी गाडी थांबते. आमच्या गाडीचा पंप इंजिनाला जोडलेला होता आणि तो झिजून कामातून गेला होता. आता पेडल नुसता दगड. सपाटीवर मी दोन्ही पायांनी पेडलवर उभी राहून गाडी थांबवू शकत होते. डेपोकडचा रस्ता मात्र सगळा उताराचा, आणि उतार संपतो तिथे शाळा आणि बाजार.

यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी जाते म्हटल्यावर हे भांडलेसुद्धा नाहीत. "जा की," म्हणाले, "कोणी धरलंय? आधी ब्रेक आण." त्या पंपाचे भाग जगात कुठे मिळत नाहीत, हे यांनी मला आधीच ऐकवून ठेवलं होतं.

मी भंगारवाल्याकडे गेले. समोरून ठोकलेली एक छोटी गाडी त्याच्याकडे पडून होती, आणि तिच्यात विजेवर चालणारा पंप शाबूत होता. भंगारवाल्याने त्याला बॅटरीच्या दोन वायरी लावल्या आणि म्हणाला, "ताई, इथे बोट ठेवा." पंप घरघरला, नळीच्या तोंडाने माझं बोट धरून ठेवलं आणि सोडेना. मला इतकं हसू आलं की भंगारवालाही हसायला लागला. घरी येईपर्यंत मी तो पंप मांडीवरून खाली ठेवला नाही.

यांना सगळे मिस्त्री म्हणतात. हात चांगला आहे, ते मी नाकारत नाही. मी काही हातात घेतलं की मात्र यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझी स्कूटर होती. एरवी कशी छान पळायची, पण भावाकडे जायला निघाले की हमखास बंद. मग हे हात पुसत बाहेर यायचे, दोन मिनिटांत ती सुरू करायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "हिचं माझ्याशिवाय पान हलत नाही." आईला दवाखान्यात हलवलं त्या सकाळीही ती सुरू झाली नाही. नेमके हे तेव्हा बाहेरगावी कामाला गेले होते. मी दोन बस बदलून पोचले, तर भाऊ दवाखान्याच्या दाराशी उभा होता आणि त्याला काही बोलायची गरज राहिली नव्हती. त्यानंतर मी स्कूटर विकून टाकली.

तर, पंप. बॅटरीशेजारी पत्र्याची पट्टी वाकवून मी तो बसवला, खाली जुन्या वॉशिंग मशिनचे रबर दिले, म्हणजे हादरे गाडीला लागू नयेत. इतकी वर्षं या गॅरेजात पाने हातात देत उभी राहिले होते, ते काही डोळे मिटून नाही. वायर ओढली, पंपाला वीज सोडणारा रिले लावला, हवा पुरेशी ओढली गेली की पंप आपोआप बंद करणारा स्विच लावला. मग नळी जोडली आणि किल्ली फिरवली. पंप घरघरला आणि माझी नळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चपटी झाली.

"बागेला पाणी घालायचा पाइप लावलाय!" हे टाळी वाजवून ओरडले. "अरे बघा, बघा!"

टायरवाल्याला ठसकाच लागला. सासूबाई गॅरेजच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या, त्याही हसल्या. चूक माझीच होती, आणि ती यांच्यासमोर झाली याचा मला जास्त राग आला.

"अहो, जाड नळी कुठे ठेवलीय?" मी विचारलं.

"बघ रे," सासूबाई यांना म्हणाल्या, "घर सोडून चाललीय, पण तोंडातलं अहो सुटलं नाही. तेवढं वळण आहे."

"मी लावलंय ते वळण," हे म्हणाले, आणि मला खांद्याने बाजूला सारून स्वतःच वाकले.

माणसं पांगली. पुढचा तासभर हे काम करत होते आणि मी पुन्हा पाने हातात देत उभी होते. यांनी आतून जाड नळी आणली, बरोबर मापाने कापली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. नळीत हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवला. माझ्या वायरिंगवरून बोट फिरवलं आणि त्यात खोट सापडेना, म्हणून नाक वर केलं.

"फ्यूज कितीचा टाकलायस?"

"वीसचा. पिवळा."

"तेवढं बरं केलंस. दहाचा लाल टाकला असतास तर पंप चार वेळा फिरला असता आणि फ्यूज उडून बंद पडला असता. उतारावर कळलं असतं मग."

"कळतं मला."

"तुला काय कळतं ते मला विचार. त्या डेपोत पहिल्याच दिवशी बस कुणाच्या तरी घरात घालशील आणि रडत इथेच येशील."

"रडत आले तर दार उघडू नका."

"उघडणारच नाही."

हे असं. नंतर चाचणीची वेळ आली. चाचणीला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक बॉनेटपाशी. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढले. किल्ली बंद असताना पेडल दाबत राहायचं, दगड होईपर्यंत. मग पाय तसाच दाबून धरायचा आणि पंप सुरू करायचा. पंप चांगला असेल तर पेडल पायाखाली आपोआप खाली जातं.

"दाब," बॉनेटमागून आवाज आला.

"दाबलं."

"धर."

"धरलंय." मी किल्ली फिरवली. पंप घरघरला, आणि पेडल माझ्या पायाखाली लोण्यासारखं खाली गेलं. थोड्या वेळाने पंप आपोआप थांबला आणि थांबूनच राहिला, म्हणजे कुठे गळती नव्हती.

"सोड."

"सोडलं."

"आता काय सोडायचं राहिलंय तिचं," सासूबाई शेंगांच्या ताटातून म्हणाल्या.

आम्ही ते तीन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. दाब, धर, सोड. आमच्यात इतकं सरळ बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मला भरून आलं, आणि भरून आलं म्हणून स्वतःचाच संताप आला. मी खाली उतरून घरात गेले, बॅग आणली, बाबांचा फोटो भिंतीवरून काढला. सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागे घेतले.

बाहेर आले तर बॉनेट बंद झालं होतं आणि हे फडक्याला हात पुसत होते.

"उताराच्या तोंडापर्यंत येतो मी," हे म्हणाले. "जुना पंप आहे, काय सांगावं. तिथून चालत परत येईन."

मनात पाल चुकचुकायला हवी होती. नाही चुकचुकली. मला वाटलं, निघताना तरी माणूस माणसासारखा वागतोय, आणि मी शेजारच्या सीटवरची बॅग उचलून मागे ठेवली.

फाटकातून गाडी बाहेर काढली. हे शेजारी ऐटीत बसले होते, कोपर खिडकीबाहेर, चेहऱ्यावर गिऱ्हाइकाला बिल सांगतानाचं हसू. गल्लीच्या वळणावर ब्रेक दाबला. पंप घरघरला, थांबला. भाजीवाल्याची गाडी आडवी आली, पुन्हा दाबला, पंप पुन्हा घरघरला. दर वेळी हे मान तिरकी करून ऐकत होते. मला वाटलं, कारागीर आपलं काम ऐकतोय.

शेवटचं दुकान मागे पडलं तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं. पाण्याच्या टाकीपाशी कोपर आत आलं. मग खट् असा आवाज झाला. मी वळून पाहिलं तर यांनी पट्टा लावला होता. बेल्ट लावणाऱ्याला भित्रा म्हणत हे आयुष्यभर हिंडले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. पुढे बघ."

रस्ता संपल्यासारखा दिसतो तिथून उतार सुरू होतो. खाली शाळेचं मैदान दिसत होतं, पोरं पळत होती, त्यापलीकडे बाजाराची रंगीत कापडं. मी गिअर खाली घेतला.

"थांब," हे म्हणाले.

"का?"

"थांब म्हणतो ना!"

"ब्रेक तर तुम्हीच तपासलेत."

"अगं थांब, लाल आहे तो!"

मी ब्रेक दाबला. पंप घरघरला आणि गाडी उताराच्या तोंडाशी उभी राहिली. हँडब्रेक ओढला, किल्ली बंद केली, खाली उतरून बॉनेट उघडलं. फ्यूजच्या डबीत मी लावलेला पिवळा नव्हता. त्या जागी लाल होता, आणि काढून हातात घेतला तर चांगलाच तापलेला होता. हेही उतरून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"गल्लीतच उडायला हवा होता," हे म्हणाले. आवाजात खरोखर तक्रार होती, फ्यूजबद्दल. "फाटकाबाहेर पेडल जड झालं असतं, तू परत फिरली असतीस. एवढंच. मी काय तुला मारणार होतो?"

"खाली शाळा आहे."

"म्हणूनच बोललो ना वेळेवर! त्याचं काही नाही तुला."

मी हातातल्या लाल फ्यूजकडे बघत राहिले. आणि मला एकदम स्कूटर आठवली. एरवी छान पळणारी.

"स्कूटर," मी म्हटलं.

"स्कूटरचं काय आता?"

"भावाकडे जाताना बंद पडायची."

हे टाकीकडे बघायला लागले. "प्लगची टोपी सैल करायचो फक्त. त्याने गाडीला काही होत नाही."

"आई गेली त्या दिवशी?"

"मला काय स्वप्न पडलं होतं तुझी आई त्याच दिवशी जाईल म्हणून?"

मला वाटलं होतं की असं काही ऐकल्यावर मी किंचाळेन, यांच्या अंगावर धावून जाईन. प्रत्यक्षात माझं डोकं एकदम स्वच्छ झालं. त्या बसच्या खिडकीशी बसून मी स्कूटरला शिव्या दिल्या होत्या. मी हात पुढे केला.

"पिवळा."

शर्टाच्या खिशातून पिवळा फ्यूज निघाला. मी तो डबीत बसवला, झाकण लावलं, बॉनेट आपटून बंद केलं. लाल फ्यूज रस्त्याकडेच्या गटारात फेकला. सीटवर बसून पेडल दगड होईपर्यंत दाबलं, धरलं, किल्ली फिरवली. पेडल पायाखाली खाली गेलं. सोडलं.

तोवर शेजारचं दार उघडून हे पुन्हा चढून बसले होते. पट्टासुद्धा लावून घेतला.

"झालं समाधान?" हे म्हणाले. "चल, आता वळव गाडी. आई जेवायची थांबली असेल."

"उतर," मी म्हटलं.

"काय?"

"खाली उतर."

फ्यूज सापडला तेव्हा तो दचकला नव्हता. आईचं नाव काढलं तेव्हाही नाही. आता मात्र त्याचं तोंड उघडं राहिलं आणि त्याने आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

"नवऱ्याला अरे-तुरे करतेस?"

"पट्टा काढ आणि उतर. दार नीट लाव."

तो उतरला. दार त्याने लावलं नाही, मी वाकून ओढून घेतलं. हँडब्रेक सोडला, गाडी उताराला लागली. आरशात तो रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा होता आणि काहीतरी ओरडत होता. पहिल्या वळणावर मी ब्रेकवर पाय ठेवला, पंप घरघरायला लागला, आणि तो काय म्हणत होता ते मला ऐकू आलं नाही.